आई-आजीचं आयुष्य लिहून ठेवायचं असेल तर: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

माझी आजी २०१६ च्या पावसाळ्यात वाईच्या घरी वारली. आम्ही सगळे तिला माई म्हणायचो. तेराव्याला वाटायच्या पत्रकासाठी चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी लिहिलं, ‘प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, साक्षात अन्नपूर्णा.’ दोन दिवसांनी पेपरातल्या निधनवार्ता वाचत होते. तिथे तीन वेगवेगळ्या घरांतल्या तीन बायकांना हेच शब्द लावलेले. त्रेसष्ट वर्षं एका घरात राबलेल्या बाईबद्दल मी जे लिहिलं होतं, ते नाव बदललं तर कुणाच्याही आजीला चाललं असतं. ते मनाला फार लागलं. मग वर्षश्राद्धापर्यंत मी तिची चौसष्ट पानांची पुस्तिका केली. शिकवायला कुणी नव्हतं. बऱ्याच ठिकाणी अडखळले, काही गोष्टी कायमच्या हातातून गेल्या. तुमच्या तशा जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

लहान गावात संसार केलेल्या बाईच्या बाबतीत मुख्य अडचण ही, की तिच्या नावावर काहीच नसतं. नोकरी नाही, सत्कार नाही, बहुतेकदा घरसुद्धा नाही. त्यामुळे नेहमीच्या जागी शोधलं तर काही हाती लागत नाही. शेजारणीच्या बोलण्यात, डब्यांवरच्या अक्षरात, कासारणीच्या आठवणीत ती सापडते. तिथपर्यंत कसं पोचायचं ते आता क्रमानं सांगते.

१. तारीख ठरवा, पण ‘पुस्तक’ हा शब्द उच्चारू नका

घरात पहिल्याच दिवशी ‘आजीचं पुस्तक काढतेय’ म्हटलं की माणसं एकतर गप्प होतात नाहीतर भाषण द्यायला लागतात. ‘माईच्या आठवणी जमवतेय’ एवढंच म्हणा. स्वतःपुरती मात्र एक तारीख पक्की करा. वर्षश्राद्ध असेल, आणि ती हयात असेल तर पंच्याहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन. तारीख नसली की हे काम पुढे पुढे जातं आणि तोवर सांगणारी माणसं कमी होतात. माईच्या थोरल्या बहिणीकडे ‘दिवाळीनंतर येते’ असं सांगितलं होतं. दिवाळीच्या आधीच त्या गेल्या.

आजी किंवा आई हयात असेल तर पुढचं वाचायच्या आधी तिला फोन करा आणि येत्या रविवारी तिच्याकडे जायचं ठरवा.

२. लागणारं सामान आणि कागद

सामान फार लागत नाही:

- आवाज रेकॉर्ड होईल असा फोन आणि एक जाड वही
- स्वयंपाकघरातला डिजिटल काटा (कशाला, ते पुढे सांगते)
- मऊ शिसपेन्सिल आणि मऊ ब्रश, जुन्या फोटोंसाठी
- दोन पेनड्राइव्ह. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे

कागदांपैकी सगळे कुणालाच मिळत नाहीत. मिळतील तेवढे जमवा:

- शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला
- जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, लग्नातली आहेराची यादी
- जुनं रेशनकार्ड, मतदारयादीतलं पान, पोस्टाचं पासबुक
- माहेरच्या जमिनीचे सातबारा आणि फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी)
- पत्रं: पोस्टकार्डं, आंतरदेशीय
- हिशेबाच्या वह्या, भिशीची वही, महिला मंडळाचं इतिवृत्त
- मृत्यूचा दाखला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्या धावपळीत नाव आणि वयात झालेली चूक पुढे सगळीकडे चिकटते, म्हणून दाखला हातात आल्याबरोबर वाचून पाहा.

३. तिचं खरं नाव आणि खरी जन्मतारीख शोधा

इथे बहुतेक सगळे फसतात. त्या पिढीत लग्नात नुसतं आडनाव नाही, पाळण्यातलं नावही बदलायचं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नाव फक्त माहेरच्या तोंडात उरायचं. मी शाळेत दोन खेपा घातल्या आणि दोन्ही वेळा सासरच्या नावानं शोधून परत आले. माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि त्या काळी लावत ते आडनाव (कधी कधी ते गावावरून असतं) या तिन्ही गोष्टी आधी विचारून घ्या.

शाळेला १९६२ पूर्वी जिल्हा परिषद नव्हती, लोकल बोर्ड होतं. जुन्या रजिस्टरवर तसंच लिहिलेलं असेल, गोंधळू नका. माईचं माहेर धोम धरणाच्या पाण्याखाली गेलं. शाळाच राहिली नाही तर रजिस्टर कुठलं, असं मी धरून चालले होते. ते पुनर्वसन झालेल्या गावातल्या शाळेच्या लोखंडी कपाटात निघालं. गाव उठलं तरी कागद कुठेतरी जातात, चौकशी केल्याशिवाय सोडू नका. रजिस्टरात एका ओळीत तिचं सगळं होतं: दाखल तारीख, इयत्ता, सोडल्याची तारीख नोव्हेंबर १९४७, इयत्ता चौथी. ‘शाळा सोडण्याचं कारण’ या रकान्यात निळ्या शाईनं एकच शब्द, ‘घरकाम’. मी तिथेच बाकावर बसून राहिले. घरात सगळे म्हणायचे, माईला शाळेची आवड नव्हती.

जन्मतारीख रजिस्टरात १ जून असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाला घेऊन आलेल्या बापाला तारीख सांगता यायची नाही, मग मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या पिढीतल्या हजारो माणसांचा वाढदिवस असा मास्तरांनी ठरवलेला आहे. खरी तारीख बहुधा तिथीत दडलेली असते. माईच्या पत्रिकेत शके १८५८, नागपंचमीचा आदला दिवस होता. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जन्म १ जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला असेल तर ७९ मिळवायचे. म्हणजे माई जुलै १९३६ ची. शाळेनं तिला दोन वर्षांनी मोठी करून टाकलं होतं. पुस्तिकेत आम्ही दोन्ही दिलं, कागदावरची तारीख आणि खरी तिथी.

कागद १९५० च्या आधीचे असतील तर काही मोडी लिपीत असू शकतात. ते मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, अंदाजानं अर्थ लावू नका.

४. साल विचारू नका, त्या वेळी काय चाललं होतं ते विचारा

‘हे कोणत्या साली झालं?’ या प्रश्नाला म्हाताऱ्या माणसाकडे उत्तर नसतं, आणि नसल्याची उगीच लाज वाटते. त्याऐवजी गावावर आलेल्या मोठ्या प्रसंगांना धरून विचारा. आमच्या भागात कोयनेचा भूकंप हा सगळ्यात पक्का खुंटा. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. ‘भूकंपाच्या वेळी धाकटी किती होती?’ असं विचारल्यावर माईची धाकटी जाऊ, आमच्या नानीआजी, लगेच म्हणाल्या, ‘अगं, माई बाळंतीण होती. सहा दिवसांची पोर कुशीत घेऊन अंगणात बसली, आणि सासूबाईंनी शेगडी बाहेर आणून ठेवली.’ माझ्या धाकट्या आत्याच्या जन्माची तारीख अशी मिळाली.

असे आणखी काही खुंटे देते, तुमच्या भागाप्रमाणे निवडा. सातारा-सांगलीकडे बेचाळीसनंतरचं पत्री सरकार. १ एप्रिल १९५७ ला आण्यांचे नवे पैसे झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, गोव्यात १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती. १९७२ चा दुष्काळ, त्यात वाटलेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी, हे शब्द नुसते उच्चारले तरी माणसं बोलायला लागतात. १९७९ ला स्कायलॅब हे अवकाशस्थानक पडणार म्हणून उडालेली घबराट, १६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण, दूरदर्शनवर रामायण लागायचं ती १९८७-८८ ची वर्षं. विदर्भात १९९१ चा मोवाडचा पूर. मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट, पण ती विचारताना समोरच्या माणसाचं त्या रात्री काय गेलंय हे आधी माहीत करून घ्या.

वहीत एक उभी रेघ मारा. डावीकडे हे प्रसंग, उजवीकडे तिच्या आयुष्यात तेव्हा काय चाललं होतं. दोन आठवड्यांत ती रेघ भरत जाते.

५. माणसांशी बोलणं

यादी करताना आपण मुलं, सुना, नातवंडं लिहून थांबतो. ती माणसं तिला आई म्हणून ओळखत होती. माईला ‘माई’ व्हायच्या आधीपासून ओळखणारं कोण आहे ते शोधा: बहीण, भाऊ, माहेरची मैत्रीण, जाऊ, मागच्या दारची शेजारीण. आणि तिच्याकडे नियमानं येणारी माणसं सोडू नका. दूधवाले, बोहारीण, पिठाच्या गिरणीवाले.

आमच्याकडे आयुष्यभर बांगड्या भरायला यायच्या त्या कासारणीला मी सहज म्हणून भेटले. त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘तुझा हात आजीसारखा नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचा दोन-चारचा हात होता. पंचेचाळिशीनंतर मी दोन-सहाच्या आणायला लागले. मनगट तेवढंच होतं गं, पेरं जाड झाली होती. धुणी धुऊन.’ एवढी अचूक नोंद आमच्या घरात कुणाकडेच नव्हती.

प्रश्न कसे विचारायचे? ‘माई कशी होती?’ असं विचारलं की ‘फार चांगली होती हो’ येतं आणि बोलणं संपतं. असं विचारा:

- ती तुमच्याकडे आली की कुठे बसायची?
- येताना हातात काय असायचं?
- रागावली की काय करायची?
- कोणाला भ्यायची?
- स्वतःसाठी शेवटची कोणती वस्तू विकत घेतली?

शेवटचा प्रश्न मी नऊ जणांना विचारला. उत्तर फक्त एकीला आलं, तेही एका चष्म्याच्या घराचं.

काही पथ्यं आहेत. दहाव्या-तेराव्याच्या दिवसांत मुलाखती घेऊ नका, त्या वेळी माणसं रडतात किंवा चांगलंच बोलतात. फोन लपवून रेकॉर्डिंग करू नका. विचारून समोर ठेवा, दहा मिनिटांत विसरायला होतं. दोघांना एकत्र बसवलंत तर मोठा बोलतो आणि धाकटा मान हलवतो, म्हणून आधी एकेकट्याला भेटा. दुपारच्या चहानंतरची वेळ उत्तम. आणि जेवायला थांबा म्हणाले तर थांबा, खरं बोलणं पानावर निघतं.

दोघांनी एकच प्रसंग वेगवेगळा सांगितला तर? आमच्याकडे माईच्या पाटल्या कशासाठी मोडल्या यावर काका म्हणतात त्यांच्या फीसाठी, आत्या म्हणते तिच्या लग्नासाठी. मी दोन्ही छापलं, ज्याचं त्याच्या नावानं. निवाडा करायला बसू नका. घरात भांडण लागतं आणि पुस्तिका राहते बाजूला.

६. कागद वाचताना

हिशेबाची वही सापडली तर तिला देवघरात ठेवायच्या आधी नीट वाचा. १९५७ पूर्वीचे आकडे रुपये-आणे-पैत असतात. २-४-६ म्हणजे दोन रुपये, चार आणे, सहा पै. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. नंतरच्या वह्यांतही कित्येक बायका बरीच वर्षं जुनं-नवं मिसळून लिहायच्या. माईच्या वहीत दर महिन्याला एक नोंद होती, ‘गं. १-०-०’. आम्हाला वाटलं गंगाजळी. नानीआजींनी सांगितलं, गंगू म्हणजे माहेरची विधवा मावशी. तिला माई वाणसामानातून वाचवून महिन्याला एक रुपया पाठवायची, एसटीच्या कंडक्टरच्या हाती. आजोबांना ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

दुसरा कागद जमिनीचा. बाईच्या वडिलांचा मृत्यू झाला की वारसांचा फेरफार होतो आणि त्यात मुलींची नावं सासरच्या गावासकट चढतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचे फेरफार त्यासाठी जरूर पाहा. तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. बऱ्याचदा पुढचाच फेरफार बहिणींनी हक्क सोडल्याचा असतो. माईच्या भावाच्या ट्रंकेत ते मूळ हक्कसोडपत्र निघालं. तिची पूर्ण सही मी तिथे पहिल्यांदा पाहिली. चार शब्द, शेवटचा ओळीखाली उतरलेला, आणि एक वेलांटी दोनदा गिरवलेली. जमीन सोडताना तिला काय वाटलं ते कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. पण त्या सहीचा फोटो मी पुस्तिकेत पूर्ण पान भरून घातला. भाऊ आधी नाराज झाले, मग म्हणाले, राहू दे.

सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या घरांत हेळवी (वंशावळी सांगत फिरणारे) येत असतील तर त्यांच्याकडे घराण्याची माहिती असते. नाशिक, त्र्यंबकेश्वरला जाऊन आलेली घरं तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहू शकतात. वंशावळ करताना मुलगे आणि त्यांचे मुलगे एवढंच उतरवू नका. माईच्या वंशावळीत माईच्या आईचं नाव नसेल तर ती माईची वंशावळ नाही.

७. गुण लिहू नका, एक दिवस लिहा

या सगळ्या कामात मला हीच पायरी सर्वात महत्त्वाची वाटते. तिच्या आयुष्यातली चार वयं निवडा आणि प्रत्येक वयातला एक साधा दिवस, उठल्यापासून निजेपर्यंत, लिहून काढा. सणाचा दिवस नको, बुधवार-गुरुवारसारखा कुठलाही. मी सात, एकोणीस, बेचाळीस आणि सत्तर ही वयं घेतली.

तास जुळवायला घरातलं घड्याळ आठवत नसेल तर बाहेरची घड्याळं वापरा: नळाच्या पाण्याची वेळ, शाळेची घंटा, पहिली एसटी, रेडिओवरच्या बातम्या. एकोणिसाव्या वर्षीच्या दिवसाची सुरुवात कृष्णेच्या घाटावर होते, कारण आमच्या आळीतलं प्यायचं पाणी तिथून यायचं. घाटाच्या किती पायऱ्या, दोन घागरी की एक, वाट कुठून, हे मी नानीआजींबरोबर चालत जाऊन पाहिलं. त्या एका पायरीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘इथे माई घागर खाली ठेवायची. पोटुशी असताना.’ पायरी तिथेच आहे. चालून पाहिलं नसतं तर ही गोष्ट निघालीच नसती. म्हणून जमेल तिथे माणसाला त्या जागेवर घेऊन जा.

तसंच वर्षातलं एखादं ठरलेलं काम धरा. वाईत कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर होतो. आमच्या घाटाच्या उत्सवात माई कुठल्या रांगेत बसून पुऱ्या लाटायची, शेजारी कोण असायचं, काय बोलणं चालायचं हे विचारलं तर तीन घरांच्या आठवणी एका जागी मिळाल्या.

दिवस लिहून झाला की ‘कष्टाळू’ हा शब्द वापरायची गरज उरत नाही. मी मसुद्यातून तो सगळीकडून काढला.

८. हातातलं मोजून ठेवा: चटणी आणि ओव्या

माईची वर्षाची चटणी हा आमच्या घरातला मोठा ठेवा. कृती विचारली की उत्तर यायचं, ‘धने मूठभर, तीळ अदमासानं.’ काट्याचं काम इथे. नानीआजींना प्रत्यक्ष करायला बसवलं, काट्यावर पातेलं ठेवलं, आणि त्या नेहमीप्रमाणे घालत गेल्या. प्रत्येक वेळी मी आकडा लिहून घेतला. त्यांची एक मूठ धने म्हणजे २४ ग्रॅम. माझी मूठ १९ भरली. कुणाची मूठ हे लिहिल्याशिवाय कृतीला अर्थ नाही. जुनी मापं आली तर दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. ती भांडी घरात असतील तर त्यांत तांदूळ भरून वजन करा, कारण गावोगावची मापं थोडी कमी-जास्त असतात.

ओव्यांचंही तसंच. माईच्या मधल्या बहिणीला मी तीनदा विचारलं आणि तीनदा ‘आता कुठलं आठवायला’ असं उत्तर मिळालं. चौथ्यांदा त्यांच्या पडवीतलं जातं पुसलं, मूठभर गहू टाकले आणि त्यांचा हात खुंट्यावर ठेवला. दोन फेरे नुसतेच झाले. तिसऱ्या फेऱ्याला आवाज लागला, आणि अर्ध्या तासात सतरा ओव्या आल्या, त्यातल्या चार माईनं रचलेल्या. रिकाम्या हातांना आठवत नाही. सूप, जातं, शिवण, काय असेल ते हातात द्या. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्यातल्या बऱ्याच आज पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्या आधी ऐका, म्हणजे काय विचारायचं ते सुचतं.

उखाणे, गाऱ्हाणी, तिच्या तोंडच्या म्हणी, पोरांना द्यायच्या शिव्यासुद्धा तिच्या उच्चारात लिहा. ‘का गं’ला ‘का बरे’ करू नका.

९. झाकलेल्या गोष्टी

प्रत्येक घरात असतात. माईचं पहिलं बाळ नऊ दिवसांचं होऊन गेलं होतं. हे मला एका शेजारणीकडून कळलं, माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं. आठवडाभर मी कुणाशी बोलले नाही. मग थोरल्या आत्याला एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, ‘लिही. आई दर वर्षी त्या तिथीला एक वाटी दूध कुणाला तरी द्यायची.’ बाळाचं नाव ठेवलेलं नव्हतं. वंशावळीत आम्ही एक रिकामा चौकोन ठेवला आणि खाली साल लिहिलं.

मी पाळलेला नियम असा: गोष्ट तिची स्वतःची असेल तर घरातल्या सर्वांत थोरल्या बाईला विचारून लिहायची. गोष्ट दुसऱ्या कुणाची असेल आणि ती व्यक्ती हयात असेल, तर तिच्या परवानगीशिवाय नाही. सासू-सुनेचं वाजायचं हे लपवू नका, पण सासूलाही तिच्या सुनेपणाचे दिवस होते हे विचारून घ्या. आजारपणाचे शेवटचे सहा महिने पानंच्या पानं खातात, त्यांना दोन परिच्छेदांपेक्षा जास्त जागा देऊ नका. ती ऐंशी वर्षं जगली, सहा महिने नाही.

१०. फोटो

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात. पानावर असतानाच स्कॅन करा किंवा उजेडात फोटो घ्या. स्कॅनिंग निदान ३०० डीपीआयवर, छोटा पासपोर्ट फोटो असेल तर ६०० वर. लॅमिनेशन मुळीच नको. मागे नाव लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीनं, बॉलपेननं नाही. त्याचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.

माईचा एकटीचा फोटो आमच्याकडे नव्हताच. सगळ्या फोटोंत ती कडेला उभी, कुणाचं तरी मूल कडेवर. मुखपृष्ठासाठी लोक अशा फोटोतून चेहरा कापून, मोठा करून, मागे निळं आभाळ लावतात. तसं करू नका. आम्ही कडेवरच्या मुलासकट फोटो छापला. फोटो अजिबात नसेल तर तिच्या हातची वस्तू घ्या: वाकळ, डब्यावरचं अक्षर, हिशेबाचं पान.

११. टाइप आणि छपाई

फोनवर किंवा संगणकावर आपण युनिकोडमध्ये टाइप करतो. अनेक छापखाने जुन्या फाँटमध्ये काम करतात आणि मजकूर बदलताना जोडाक्षरं तुटतात. ऱ्ह, र्‍य, श्र, ऋ ही अक्षरं विशेष तपासा. ‘सगळं बरोबर येईल’ या शब्दावर विसंबून राहू नका. अंतिम पीडीएफ कागदावर छापून घ्या आणि ज्यानं टाइप केलं नाही अशा माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. आमचं पहिलं प्रूफ न वाचता छापलं गेलं असतं तर कऱ्हाडचं भलतंच काहीतरी झालं असतं.

मधोमध पिना मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको, वाचणारे तिच्या वयाचे असणार. घरापुरत्या पुस्तिकेला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागत नाही. आणि आधार, बँकेचे आकडे, हयात माणसांचे पत्ते आणि जन्मतारखा कुठल्याही कागदाच्या फोटोत राहिल्या नाहीत ना, ते छापण्याआधी शेवटचं बघा. रेकॉर्डिंगच्या फाइलींना नाव, गाव आणि तारीख देऊन त्या दोन्ही पेनड्राइव्हवर ठेवा.

१२. वाटप, आणि त्यानंतरचा कागद

आम्ही १५० प्रती काढल्या. बांगड्या भरणाऱ्या कासारणीपासून शाळेच्या कपाटाची किल्ली शोधून देणाऱ्या शिपायांपर्यंत, ज्यांनी ज्यांनी काही सांगितलं त्यांना स्वतः नेऊन द्या. पोस्टानं नको. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

मागच्या दारच्या शेजारीणबाईंना दिसत नव्हतं. मी तिथे बसून पूर्ण पुस्तिका वाचली, दोन दुपारी लागल्या. बेचाळिसाव्या वर्षीच्या दिवसात मी लिहिलं होतं की दोन ते अडीच माई माजघरात आडवी व्हायची. घरातल्या सगळ्यांनी तसंच सांगितलं होतं. त्यांनी मला थांबवलं. ‘आडवी कुठली गं. दार लोटून घ्यायची आणि मागच्या दारानं माझ्याकडे यायची. तुझ्या धाकट्या आत्याचं पाचवीचं पुस्तक पदराखाली घालून. रोज एक धडा मोठ्यानं वाचायची. अडलं की संध्याकाळी पोरीलाच विचारायची, तुझा अभ्यास घेते म्हणून.’

तेव्हा छपाईबरोबरच पुस्तिकेत सरकवायला एक कोरी चिठ्ठी, तेवढ्याच आकाराची, प्रत्येक प्रतीमागे एक, कापून घ्या. आमच्या सगळ्या प्रतींत ती नंतर घरोघर जाऊन घालावी लागली. तिच्यावर एवढंच आहे:

शुद्धिपत्र. पान ३७, ओळ ९. ‘आडवी व्हायची’ याऐवजी ‘वाचायला जायची’ असे वाचावे.